मार्दुकचा स्वयंपाकी आणि इतर

बाबिलोनचा थोरला देव मार्दुक. त्याच्या स्वयंपाक्याचं नाव होतं ‘माझ्या धन्यानं काय खाल्लं?’ आणि त्याची पेयं सांभाळणाऱ्याचं ‘माझा धनी काय प्याला?’ ही टोपणनावं नव्हेत, कुणाची थट्टाही नव्हे. अक्कडी भाषेत हे सबंध प्रश्नच त्यांची नावं होती: मिना-इकुल-बेली आणि मिना-इश्ती-बेली. हे दोघंही देव. मार्दुकचे चार कुत्रे होते, त्यांचीही नावं लिहून ठेवली आहेत. त्याची बायको झर्पानितू, तिचे केस विंचरणाऱ्या दोघी, काटुन्ना आणि सिल्लुश-ताब, याही देवी. अभ्यासक ज्या देवयादीला तिच्या पहिल्या ओळीवरून ‘आन = आनुम’ म्हणतात, तिच्यात असा सगळा गोतावळा भरला आहे. इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ती सिद्ध झाली. डावीकडे देवाचं नाव, उजवीकडे तो कोण याचा खुलासा: अमक्याची बायको, तमक्याचा मुलगा, दारवान, दूत, सल्लागार. नावं सुमारे २०००. रिचर्ड लिट्के यांनी १९५८ साली या यादीवर प्रबंध लिहिला, तो छापून यायला १९९८ उजाडलं. विल्फ्रेड लॅम्बर्ट यांनी तिच्यावर कित्येक वर्षं काम केलं, आणि रायन विंटर्स यांनी पुरी केलेली त्यांची आवृत्ती २०२३ मध्ये, लॅम्बर्ट गेल्यानंतर बारा वर्षांनी आली. एवढ्या चिकाटीच्या माणसांनाही ही यादी झटपट उरकता आली नाही, याचं मला काही नवल वाटत नाही.

मेसोपोटेमियाच्या धर्मावरच्या पुस्तकांत सहसा सात-आठ नावं वावरतात. आकाशाचा आन, निप्पूरचा एन्लिल, गोड्या पाण्याचा आणि शहाणपणाचा एन्की, उर नगरीचा चंद्रदेव नान्ना, त्याची मुलं उतू आणि इनान्ना, पुढे बाबिलोनचा मार्दुक, उत्तरेचा अश्शूर. बाकीच्यांना ‘गौण देव’ या एका शब्दात गुंडाळून लेखक पुढे जातो. मला गोडी लागली ती मात्र या गौणांचीच. त्याचं कारण माझ्या नोकरीत आहे.

मी नोकरीची बहुतेक वर्षं एका मोठ्या अधिकाऱ्याच्या दालनाबाहेरच्या टेबलावर काढली. पद स्वीय सहायकाचं. अधिकारी बदलत गेले, टेबल तेच राहिलं. आतला माणूस काय ठरवतो हे मला फार कळायचं नाही. पण त्याच्यापर्यंत कोण पोचतो, कुणाची नस्ती वर येते, कुणाची टिपणी खाली राहते, हे माझ्या डोळ्यांसमोर घडायचं. लोक माझ्याकडे येत ते माझ्यासाठी येत नसत. तरी येताना माझं नाव विचारून, पाठ करून येत. साहेबांचं आडनाव चुकलं तर चालेल, माझं चुकता कामा नये, अशी त्यांची काळजी असे. त्या काळात फोर्टच्या फुटपाथवर सॅम्युएल नोआ क्रेमर यांचं सुमेरवरचं एक जुनं पुस्तक मिळालं आणि त्यातून हा नाद लागला. महापूर, गिल्गामेश वगैरे वाचून झालं. रेंगाळलो मात्र दारवानांपाशी.

देवाच्या घरात नोकरमाणसं कशी नेमली जातात याचा सर्वांत तपशीलवार जुना वृत्तान्त लगाशच्या गुडेआचा आहे. इसवीसनपूर्व बाविसाव्या शतकातला हा राजा. त्यानं गिर्सू इथं, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या तेल्लोला, निन्गिर्सू देवाचं एनिन्नू नावाचं मंदिर नव्यानं बांधलं आणि त्याची हकिगत मातीच्या दोन मोठ्या नळकांड्यांवर लिहवून घेतली. १८७७ मध्ये ती एर्नेस्ट द सार्झेक या फ्रेंच अधिकाऱ्याच्या उत्खननात सापडली. आता लूव्रमध्ये आहेत. पहिल्या नळकांड्यावर राजाला पडलेलं स्वप्न आहे, नान्शे देवीनं सांगितलेला त्याचा अर्थ आहे, विटा, लाकूड, दगड, दूरदेशीहून आणलेलं सामान आहे. ते प्रसिद्ध आहे आणि सुंदरही आहे. मला दुसरं जास्त आवडतं. त्यात घर बांधून झालेलं आहे, देव आणि त्याची बायको बाऊ राहायला आले आहेत, आणि आता घर चालवायचं आहे.

मग एकेक देव आपलं काम घेऊन निन्गिर्सूसमोरून जातो. एक मुलगा इगालिम: न्यायनिवाडा आणि धन्याच्या आज्ञा नगरात पोचवणं. दुसरा मुलगा शुल्शागाना: घराची स्वच्छता, हात धुवायला पाणी, बीअर, भाकरी, दूध. लुगाल्कुर्दुब हा सेनापती. लुगाल्सिसा हा सल्लागार, नगराची गाऱ्हाणी धन्याच्या कानावर घालणारा. शाकान्शाबारकडे खाजगी दालनाचा कारभार. एन्सिग्नुन गाढवं आणि रथ पाहतो. एन्लुलिम शेळ्या राखतो, म्हणजे घरात दुधातुपाला तोटा नको. उशुम्गाल्कालाम्मा आणि लुगाल्इगिहुश ही दोन वाद्यं. वाद्यं हेच देव. एकाचं काम घर आनंदानं भरायचं, दुसऱ्याचं धन्याचं मन उदास झालं की ते शांत करायचं. गिश्बारे शेतावर: पाट भरून वाहावेत, कोठारं भरावीत. दिम्गालाब्झू गुएदेन्ना नावाच्या मोकळ्या रानावर: तिथल्या पाखरांनी अंडी घालावीत, पिल्लं वाढवावीत. आणि बाऊच्या सात मुली. त्यांच्याकडे ना शेत, ना शेळ्या. त्यांनी धन्यासमोर उभं राहून गुडेआसाठी चार चांगले शब्द बोलायचे, एवढंच.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला धर्मग्रंथ वाचल्यासारखं वाटलं नाही, आस्थापना शाखेचा कामवाटपाचा आदेश वाचल्यासारखं वाटलं. पुन्हा वाचताना मात्र त्यातली जिव्हाळ्याची बाजू दिसत गेली. पाखरांच्या अंड्यांसाठी एक स्वतंत्र देव नेमावा, असं ज्या कारकुनाला सुचलं त्यानं ते रान पायाखाली घातलेलं असणार. या गुएदेन्नावरून लगाश आणि शेजारच्या उम्मा नगरीत पिढ्यान् पिढ्या लढाया झाल्या होत्या. माणसांनी ज्या रानासाठी एकमेकांचे मुडदे पाडले, त्याच्या रक्षक देवाच्या कामात पाखरांच्या पिल्लांची नोंद आहे.

देवाचं कुटुंब ही नुसती कल्पना नव्हती, ती मालमत्तेची नोंद होती. गुडेआच्या दोनेकशे वर्षं आधी याच लगाशमध्ये उरुइनिम्गिना नावाचा राजा होऊन गेला. सुधारणा जाहीर करणारा पहिला राजा म्हणून त्याचं नाव घेतात. त्याच्या घोषणेतला एक मुद्दा असा, की राज्यकर्त्याच्या घरावर आणि शेतांवर निन्गिर्सूची मालकी, राणीच्या घरावर आणि शेतांवर बाऊची, मुलांच्या घरावर आणि शेतांवर शुल्शागानाची. राजा, राणी, मुलं. देव, देवी, देवपुत्र. एकावर एक बरोब्बर बसतं. बाऊच्या घराचे हिशेब सापडले आहेत, दीड हजारांहून जास्त पाट्या: कुणाला किती सातू, किती बीअर, कुठल्या सणाला कुठल्या देवाला किती मासे. हा कारभार प्रत्यक्षात राणीच पाहत होती. उरुइनिम्गिनाच्या घोषणेनं गरिबाचं काय भलं झालं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला स्वतःला त्यात सुधारणेपेक्षा सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची हुशारी जास्त दिसते. पण त्या निमित्तानं शुल्शागानासारखा बाहेर कुणाला ठाऊक नसलेला देव जमीनमालक झाला.

सामान्य माणसाचा या घरात प्रवेश कसा व्हायचा? याचं उत्तर शिक्क्यांवर कोरलेलं आहे. बोटाच्या पेराएवढे दगडी दंडगोल. ओल्या मातीवर फिरवले की चित्र उमटतं. उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातल्या, म्हणजे इसवीसनपूर्व एकविसाव्या शतकातल्या शिक्क्यांवर तेच ते दृश्य हजारदा येतं. उजवीकडे आसनावर मोठा देव किंवा राजा. डावीकडून एक माणूस येतो आहे, डोकं तासलेलं, पोशाख साधा. त्याच्या पुढे एक देवी, तिनं त्याचं मनगट धरलं आहे. दुसरा हात वर, बोलण्याच्या पवित्र्यात. हिचं नाव लामा. तिला कथा नाही, पराक्रम नाही. ती माणसाला हात धरून आत नेते, एवढंच तिचं चरित्र. गुडेआच्या शिक्क्यावरही असंच आहे. त्याचा स्वतःचा देव निन्गिश्झिदा, ज्याच्या खांद्यांतून साप निघालेले असतात, तो गुडेआला हाताला धरून पुढे नेतो आहे. म्हणजे राजा झाला तरी त्याला एकट्यानं आत जाता येत नाही.

या चित्रात माझी नजर प्रत्येक वेळी त्या मनगटावर जाते. बोटं गुंफलेली नाहीत, मनगट धरलेलं आहे. लहान मूल गर्दीत सुटू नये म्हणून धरतात तसं. माझ्या टेबलासमोर कधी कधी असं माणूस यायचं, की ज्याला दालनाचं दार दिसत असूनही त्याचे पाय हलत नसत. मोबदल्याची नस्ती अडकलेला एक म्हातारा शेतकरी असाच आला होता. कागद सगळे बरोबर होते, बोलायचं काय तेही पाठ होतं. साहेब मोकळे होते. मी म्हटलं, जा आत. तो म्हणाला, “तुम्ही चला की संगं, दादा.” मी उठून गेलो. आत गेल्यावर मी एक शब्दही बोललो नाही, बोलायची गरजच पडली नाही. त्याचं काम झालं की नाही ते इथं सांगण्यात अर्थ नाही. ते माझ्या हातात नव्हतं, लामाच्याही हातात नसे. शिक्क्यावर कधीच दाखवत नाहीत की आसनावरचा देव हो म्हणाला.

प्रत्येकाचा असा एक देव असे. अभ्यासक त्याला ‘वैयक्तिक देव’ म्हणतात. बापाकडून मुलाकडे येणारा, घरातला, बऱ्याचदा मोठ्या देवांत न मोडणारा. आपल्याकडच्या वाचकाला इथं कुलदैवत आठवेल. त्या दोहोंचा इतिहास वेगळा आहे आणि मला धागा जोडायची घाई नाही. त्या माणसांचं आपल्या देवाशी बोलणं कसं चालायचं ते एका पत्रात दिसतं. जुन्या बाबिलोनी काळात, इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात, अपिल-अदाद नावाच्या माणसानं आपल्या देवाला मातीच्या पाटीवर पत्र लिहिलं. मायना नेहमीच्या पत्राचाच, ‘माझा बाप जो देव त्याला’. मजकूर असा, की तू माझ्याकडे दुर्लक्ष का केलंस? माझ्यासारखा दुसरा तुला कोण आणून देणार आहे? मार्दुकचा तुझ्यावर जीव आहे, त्याला लिही, माझं बंधन सोडवायला सांग. मग मी येऊन तुझे पाय धरीन. माझी बायकापोरं आहेत, निदान त्यांच्याकडे बघ.

हा अर्ज मी कितीदा तरी वाचला आहे आणि अजून तो मला नवा वाटतो. यात भक्ती आहे, धमकी आहे, हिशेब आहे. धमकी अशी, की मी गेलो तर तुला नैवेद्य कोण दाखवणार. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अपिल-अदादला पक्कं ठाऊक आहे, की त्याच्या देवात हे बंधन तोडायची ताकद नाही. तशी त्याची अपेक्षाही नाही. त्याला हवी आहे एक चिठ्ठी, मार्दुकच्या नावाची. तो मार्दुकला थेट लिहू शकला असता, त्याला कुणी अडवलं नव्हतं. पण मार्दुक त्याला ओळखत नाही, त्याचा देव ओळखतो. मेसोपोटेमियाच्या माणसानं ताकद आणि ओळख या दोन गोष्टी दोन वेगळ्या देवांकडे ठेवल्या होत्या, आणि त्याचा सगळा धर्म या दोघांमधल्या रस्त्यावर चालत होता असं मला वाटतं. सर्वशक्तिमान आणि तरीही मला नावानं ओळखणारा असा एकच देव मानणं ही फार मोठी झेप आहे. ती न घेणाऱ्यांना मी मागासलेले म्हणणार नाही. त्यांना राज्य कसं चालतं ते ठाऊक होतं.

या रस्त्यावर बायकांचं स्थान मोठं. सिप्पारचा सूर्यदेव शमाश न्यायाचा देव. सत्य आणि न्याय, कित्तू आणि मिशारू, हेही देव, त्याच्याच घरातले. स्वप्नाची देवी मामू त्याची मुलगी. बुनेने त्याचा सारथी आणि सल्लागार. आणि बायको आया, जिला नेहमी ‘नवरी’ किंवा ‘सून’ म्हणत. आयाच्या स्वतःच्या अशा कथा नाहीत. पण गिल्गामेशच्या काव्यात निन्सुन आपल्या मुलाला लांबच्या प्रवासाला धाडते तेव्हा धूप जाळून शमाशला साकडं घालते, आणि म्हणते की आयानं न भीता तुला याची आठवण करून द्यावी. निन्सुन स्वतः देवी. तीही शमाशच्या बायकोमार्फत जाते! नाबू देवाच्या बायकोचं, ताश्मेतूचं, मुख्य काम हेच, की ऐकून घेणं आणि नवऱ्याजवळ शब्द टाकणं. मोठा देव दरबारात कुणाचंही ऐकणार नाही असं ठरवू शकतो, पण रात्री घरी जातोच. हा विचार करणाऱ्यांनी संसार केलेला होता.

आता दुसरी बाजू. हे सगळं इतकं गोड नव्हतं. ‘लुद्लुल बेल नेमेकी’ या काव्यात शुब्शी-मेश्रे-शाक्कान नावाच्या एका प्रतिष्ठित माणसाची दुर्दशा सांगितली आहे. मार्दुकचा राग झाला. मग काय घडलं? सर्वांत आधी त्याचा स्वतःचा देव त्याला सोडून निघून गेला, त्याची देवी गेली, पाठराखा आत्मा गेला, लामा दुसऱ्याकडे गेली. राजाची मर्जी, दरबारी, मित्र, घरची माणसं ही त्यानंतर गेली. आजारपण त्याच्याही नंतर. म्हणजे वरून वारं फिरलं की सर्वांत आधी काढता पाय घेतो तो आपला जवळचा लहान देव. हे मला खोटं म्हणता येत नाही. माझ्या टेबलावरूनही मी काही माणसांना ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगितलं आहे, कारण त्या आठवड्यात त्यांचं नाव आत नकोसं झालं होतं. ती माझी चूक नव्हती, माझं काम होतं. पण त्या माणसाच्या दृष्टीनं दार मीच लावलं. लामाबद्दल फार हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी लुद्लुलचा हा भाग एकदा वाचावा.

लहान देवांना स्वतःला काय वाटत होतं? हा प्रश्न विचारणारं एक काव्य आहे, अत्राहासिस. बाबिलोनचा राजा अम्मिसादुका याच्या काळातली, इसवीसनपूर्व सतराव्या शतकातली त्याची प्रत उपलब्ध आहे. माणूस अजून जन्मला नव्हता तेव्हा कालवे खणायचं काम इगिगी म्हणवल्या जाणाऱ्या खालच्या देवांकडे होतं. त्यांनी तिग्रिस खणली, युफ्रेटिस खणली. पिढ्यान् पिढ्या राबून त्यांचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा त्यांनी कुदळी-पाट्या जाळल्या आणि मध्यरात्री एन्लिलच्या घराला वेढा घातला. एन्लिलला पत्ताच नाही, तो झोपलेला. दारवान काल्कालच्या ध्यानात आलं. त्यानं कडी लावली आणि नुस्काला उठवलं. नुस्का हा एन्लिलचा सचिव. नुस्कानं धन्याला उठवलं. एन्लिलचा चेहरा उतरला. तेव्हा नुस्का त्याला म्हणतो, ही तुमचीच मुलं आहेत, स्वतःच्या मुलांना कशाला भिता? आनला बोलवा, एन्कीला बोलवा. मग बाहेर जाऊन म्होरक्या कोण म्हणून विचारतो. उत्तर येतं, की आम्ही सगळ्यांनी, एकेकानं, हे भांडण पुकारलं आहे. गिरणगावाच्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे उत्तर समजावून सांगावं लागणार नाही.

या प्रसंगात शहाणपणानं वागतात ते दोन नोकर. वादळांचा स्वामी एन्लिल पुढे रडतो सुद्धा. नुस्का मात्र दोन्हीकडे निरोप नेतो, आणताना त्यात फेरफार करत नाही. माझ्या धंद्यातली ही सर्वांत अवघड गोष्ट. बाहेरचं बोलणं आत सांगताना माणूस ते मऊ करतो, आतलं बाहेर सांगताना धार लावतो, किंवा उलट. नुस्काच्या निरोपांत शब्दाला शब्द जुळतो. अभ्यासक त्याला मौखिक काव्याची पुनरुक्ती म्हणतात. असेल. मला ती सचोटी वाटते.

तोडगा निघाला तो असा, की काम करायला दुसरं कुणी निर्माण करायचं. एका देवाला मारलं, त्याचं रक्तमांस मातीत मिसळलं आणि माणूस घडवला. टोपली देवांच्या डोक्यावरून आपल्या डोक्यावर आली. ज्याला मारलं त्याचं नाव वे-इला असं वाचतात. त्याला मंदिर नाही, त्याचं गोत्र कुणी सांगत नाही. त्याच्या अंगी अक्कल होती एवढंच काव्य सांगतं, आणि त्याच्यामुळे माणसात मेल्यावरही उरणारं भूत राहिलं. थोर देवांपैकी कुणाचंही रक्त वापरता आलं असतं, वापरलं गेलं ते याचं. हे काव्य रचणाऱ्याच्या मते प्रत्येक माणसाच्या अंगात जे दैवी आहे ते एका अनोळखी, खालच्या पायरीवरच्या देवाचं आहे. पुढे मार्दुकच्या गौरवासाठी रचलेल्या ‘एनुमा एलिश’मध्ये ती जागा किंगूला दिली, तो बंडखोर सेनापती होता. कथा जास्त राजकीय झाली आणि माझ्या मते तिचं वजन कमी झालं.

वंशावळी मात्र ठाम नसत. इनान्ना कुठे चंद्राची मुलगी, कुठे आनची. शुरुप्पाकची सुद देवी एन्लिलशी लग्न करून निन्लिल झाली, अशी कथाच रचली गेली. वाळवंटातल्या भटक्यांचा देव मार्तू याचंही नगरातल्या देवाच्या मुलीशी लग्न लागतं, आणि नवरीची मैत्रीण तिला विचारते की कच्चं मांस खाणाऱ्या, घर नसलेल्या या माणसाशी तू लग्न का करतेस. नवरी ऐकत नाही. नगरांची सोयरीक जमली, सत्ता हलली, एखादी जमात वस्तीला आली की देवांच्या नात्यांत ते उमटायचं. सर्वांत मोठी बढती नाबूची. आधी तो मार्दुकचा सेवक-लेखनिक, नंतर त्याचा मुलगा, आणि पहिल्या सहस्रकात जवळजवळ बरोबरीचा. नेबुखद्नेझर आणि नाबोनिदस या दोन्ही राजांच्या नावांत तोच आहे. निसाबा ही लेखनाची जुनी देवी, ती त्याच्या सावलीत गेली. तिची बाजू कुणी मांडली नाही.

लंडनला मुलीकडे गेलो असताना ब्रिटिश म्युझियममध्ये नाबूच्या निमरूडच्या मंदिरातले दोन पुतळे पाहिले. इसवीसनपूर्व ८००च्या आसपासचे, जवळजवळ माणसाएवढे. शिंगांचा मुकुट आहे, तेव्हा देव नक्की. हात पुढे एकमेकांवर बांधलेले, तेव्हा सेवक नक्की. दाराच्या बाजूंना उभे केलेले असत. घागऱ्यावर लेख आहे: बेल-तार्सी-इलुमा नावाच्या अधिकाऱ्यानं राजा अदाद-निरारी आणि राजमाता शम्मुरामत यांच्या, आणि स्वतःच्याही, आयुष्यासाठी हे नाबूला अर्पण केलं. शेवटी पुढच्या माणसांना सल्ला, की नाबूवर भरवसा ठेवा, दुसऱ्या देवावर ठेवू नका. हा सल्ला कोरला आहे दुसऱ्या एका देवाच्या अंगावर, आणि त्याचं स्वतःचं नाव लेखात कुठेच नाही. पूर्वी काही जण या पुतळ्यालाच नाबू समजत. मुलगी म्हणाली, “बाबा, हा तुमच्यासारखा उभा आहे.” मी हात सोडले.

पण त्या केस विंचरणाऱ्या दोघींबद्दल एक सांगायचं राहिलं. काटुन्ना आणि सिल्लुश-ताब यांना ‘एसागिलाच्या मुली’ म्हणत. एसागिला हे मार्दुकचं बाबिलोनमधलं मंदिर. जवळच्या बोर्सिप्पा गावी नाबूचं एझिदा मंदिर होतं, तिथंही अशा दोन ‘मुली’ होत्या, काझ्बाबा आणि कानिसुर्रा. बाबिलोनी पुरोहितांची एक नोंद सांगते, की उन्हाळ्याच्या ऐन भरात, रात्री सर्वांत लहान असतात तेव्हा, एसागिलाच्या मुली एझिदाला जात. का? तर रात्र मोठी व्हावी म्हणून. आणि हिवाळ्यात दिवस लहान झाले की एझिदाच्या मुली एसागिलाला येत, दिवस मोठा करायला. याच बाबिलोनमध्ये पुढे चंद्रसूर्याची गणितं इतकी काटेकोर मांडली गेली की ग्रीकांनी ती उचलली. त्या पुरोहितांना दिवस-रात्रीची घटवाढ मोजता येत होती. तरी हे काम त्यांनी मार्दुकला सांगितलं नाही, नाबूला सांगितलं नाही, शमाशला तर नाहीच, ज्याच्या अखत्यारीत ते सरळ येतं. नोंदीत या चौघींना परतीची तारीख दिलेली मला आढळली नाही. बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी मालकिणीचे केस विंचरायचे असणार.